पोट गरम, तळवे गार

रात्री २ वाजून १० मिनिटांनी बाळ आमच्या एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दारात आलं. संक्रांत होऊन आठवडा उलटला होता. ग्वाल्हेरला त्या दिवसांत रात्रीचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. आजींनी शालीचं गाठोडं छातीशी धरलेलं. शालीच्या आत पातळ सुती फडकं, ते अजून ओलसर, आणि बाळाच्या पाठीशी गरम पाण्याची बाटली. बाटली हातात घेतली तर गार. आजींची छाती तेवढी गरम होती.

घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, शिंदे की छावणीच्या बाजूचं. डबरा शहराच्या पुढे एका गावी सगळे लग्नाला गेले आणि तिथेच सुनेला कळा सुरू झाल्या. ३२ आठवडे भरले होते. जवळच्या लहानशा दवाखान्यात रात्री ११ वाजता बाळंतपण झालं. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोन देतात, ६ मिलिग्रॅमचे ४ डोस, १२-१२ तासांच्या अंतरानं. तिला एकच मिळाला होता, तोही जन्माच्या दीड तास आधी. बाळ लगेच रडलं, वजन १४८० ग्रॅम. आईला तिथेच ठेवून बाप आणि आजी बाळाला घेऊन निघाले.

एनआयसीयूत नव्यानं लागणाऱ्या सिस्टरांसाठी हे प्रकरण लिहून ठेवते आहे. या एकाच बाळाच्या पायांनी मला दोनदा काहीतरी सांगितलं. पहिल्यांदा मी ऐकलं. दुसऱ्यांदा मी त्या पायांत मोजे घातले.

पहिला तास

बाळ वॉर्मरखाली, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या यंत्राखाली घेतलं, ओलं फडकं काढलं, कोरड्या गरम कपड्यानं टिपलं, टोपी घातली. मग हाताची मागची बाजू आधी पोटावर, नंतर तळव्यांवर. दोन्ही गरम आणि गुलाबी असतील तर बाळ ठीक. पोट गरम आणि तळवे गार असतील तर बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार असतील तर झगडण्याची ताकदही संपत आली. या बाळाचं पोटसुद्धा गार होतं. काखेत थर्मामीटर ३३.९ दाखवत होता. ३६ ते ३६.४ सौम्य, ३२ ते ३५.९ मध्यम आणि ३२ च्या खाली गंभीर, असा हायपोथर्मियाचा, म्हणजे अंग गार पडण्याचा, हिशोब आहे. म्हणजे हे मध्यममध्ये बसत होतं. पण 'मध्यम' हा शब्द दीड किलोच्या बाळाच्या बाबतीत फसवा आहे.

बाळाची ऊब चार वाटांनी जाते, आणि त्या रात्री चारही वाटा उघड्या होत्या. अंगावरचं पाणी वाळताना ऊब घेऊन गेलं. जन्मल्यावर थंड काट्यावर वजन केलं तेव्हा काट्यानं घेतली. ॲम्ब्युलन्सच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यानं घेतली. आणि गाडीचा गार पत्रा न शिवताही ऊब ओढत राहिला. मोठ्या माणसासारखं बाळ कुडकुडत नाही. खांद्यांच्या मधे, मानेभोवती, मूत्रपिंडांजवळ साठलेली तपकिरी चरबी जाळून ते उष्णता तयार करतं. ३२ आठवड्यांच्या बाळाकडे ती चरबी थोडीच असते, आणि ती जाळायला ऑक्सिजन लागतो, साखर लागते. म्हणून गार पडलेल्या बाळाची साखर बघितल्याशिवाय आणि श्वास मोजल्याशिवाय पुढे जायचं नसतं. थंडीनं फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळतात, ऑक्सिजन आणखी कमी पडतो, रक्तात आम्ल वाढतं, फुप्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट कमी तयार होतं. एकातून दुसरं असं हे बाळाला खाली ओढत नेतं.

टाचेतून साखर बघितली: २६. श्वास मिनिटाला ७२, प्रत्येक श्वासाला कण्हण्याचा बारीक आवाज, बरगड्यांच्या मधे खळगे. उजव्या हाताला प्रोब लावला, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ८२. उजवाच हात, कारण डाव्या हातात आणि पायांत डक्टसमधून (हृदयाजवळच्या, जन्मानंतर बंद होणाऱ्या रक्तवाहिनीतून) आलेलं कमी ऑक्सिजनचं रक्त मिसळलेलं असू शकतं आणि आकडा मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा हवा असतो.

साखर ४५ च्या खाली आणि बाळ आजारी, म्हणून डॉक्टरांनी शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज सांगितलं, किलोला २ मिली. आमच्या बाळाला ३ मिली, सावकाश. इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. कपाटात २५ टक्क्यांची बाटली शेजारीच असते आणि रात्री दोन वाजता लेबलं सारखी दिसतात. ते तीव्र औषध बारीक शिरेला भाजतं आणि साखर झपकन वर नेऊन तितक्याच झपकन खाली आणतं. बाटली उचलताना, भरताना आणि देताना टक्केवारी मोठ्यानं वाचायची, दुसऱ्या सिस्टरनं ऐकून हो म्हणायचं. हा एकदम दिलेला डोस, म्हणजे बोलस, संपला की ड्रिप लगेच सुरू व्हायला हवी, नाहीतर अर्ध्या तासात बाळ परत तिथेच येतं. किलोला मिनिटाला ६ मिलिग्रॅम साखर पोचवायची होती. हिशोब असा: ताशी मिली गुणिले टक्केवारी, भागिले सहापट वजन. ५.३ गुणिले १०, भागिले ६ गुणिले १.४८, उत्तर जवळजवळ ६. पंपावर ताशी ५.३ लावलं. हा हिशोब डॉक्टर करतातच, पण सिस्टरनं स्वतःच्या हातानं एकदा केला की चुकीचा आकडा पंपावर लावताना हात आपोआप थांबतो. अर्ध्या तासानं साखर ५८ आली.

श्वासाला सीपॅप लावला, म्हणजे नाकातून सतत दाबानं हवा देणारं यंत्र, दाब ५, पुढे ६. ऑक्सिजन ४० टक्क्यांवर सुरू झाला. सॅच्युरेशन ९० ते ९५ मध्ये ठेवायचं, अलार्म ८९ आणि ९६ वर. वरचा अलार्म बंद करून ठेवायची सवय मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. 'शंभर आहे, छान आहे' असं वाटतं. अकाली बाळाच्या डोळ्याच्या पडद्यासाठी ते छान नसतं.

वॉर्मर प्रोबवर, म्हणजे सर्व्हो मोडवर ठेवला; प्रोबच्या आकड्याप्रमाणे तो ऊब आपोआप कमी-जास्त करतो. प्रोब पोटाच्या उजव्या वरच्या बाजूला, यकृतावर. हाडावर नाही, आणि बाळाच्या अंगाखाली दबलेला तर मुळीच नाही. तो सुटला की वॉर्मरला बाळ गार वाटतं आणि तो बाळाला तापवत सुटतो. आम्ही तासाला साधारण अर्धा अंश या बेतानं गरम करत गेलो आणि दर १५ मिनिटांनी काखेतलं तापमान लिहिलं. गरम होताना आवळलेल्या शिरा सैल पडतात, रक्तदाब उतरू शकतो, श्वास थांबू शकतो, म्हणून त्या चार-पाच तासांत बाळापासून हललो नाही. सकाळी सातला ३६.५ झालं. तोपर्यंत कण्हणं थांबलं होतं आणि ऑक्सिजन ४० वरून २७ टक्क्यांवर आला होता. सर्फॅक्टंटची कुपी फ्रिजमधून काढायची तयारी होती. या बाळाला ती लागली नाही.

मधेच एकदा बाहेर आले तर आजी बाकावर बसलेल्या. मी मराठीत बोलल्यावर त्यांना जरा धीर आला. म्हणाल्या, "ताई, मी त्याला पोलक्याच्या आत घेणार होते. पण तिथे म्हणाले, जंतू लागतील, बाटली ठेवा." मी म्हटलं, "आजी, तुम्हाला सुचलं होतं तेच बरोबर होतं." वाहतुकीचा इन्क्युबेटर नसेल तर कोरडं केलेलं बाळ टोपी-लंगोट घालून कुणाच्या तरी उघड्या छातीशी बांधून आणणं, बाप असो वा आजी, हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे. बाटली आधी भाजते आणि मग गार पडून उलट बाळाचीच ऊब घेते. या बाळाच्या पाठीवर रुपयाएवढा लालसर डाग होता, फोड आला नाही एवढंच.

मधले दिवस

श्वास मधेच थांबू नये म्हणून कॅफिन सुरू झालं, पहिला डोस किलोला २० मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवसापासून ५. चौथ्या दिवशी सीपॅप निघाला. आई तिसऱ्या दिवशी आली, चीक पिळून द्यायला लागली, नळीनं दूध वाढत गेलं. पाचव्या दिवसापासून तिच्या छातीशी कांगारू पद्धतीनं ठेवायला सुरुवात केली.

यात आम्ही दोन दिवस उगाच घालवले असं माझं मत आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथला. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. १००० ते १७९९ ग्रॅमची बाळं स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिली, तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. सीपॅप लावलेलं बाळही छातीशी देता येतं. नळ्या सांभाळायला आणखी एक सिस्टर लागते, आणि अडतं ते तिथेच.

नववी रात्र

बाळ आता इन्क्युबेटरमध्ये, दर दोन तासांनी १८ मिली दूध, शिरेतली सुई दोन दिवसांपूर्वी काढलेली. माझी रात्रपाळी. हँडओव्हरमध्ये सांगितलं, "हे एकदम छान आहे." नऊ वाजता मी बाळाला हात लावला. पोट गरम, तळवे गार. काखेत ३६.६. बाहेर थंडी होती, कांगारूहून बाळ नुकतंच परत ठेवलं होतं. मला वाटलं, उघड्या पायांना वारा लागला असेल. लोकरीचे मोजे घातले आणि चार्टवर तापमान ३६.६ लिहून पुढच्या बाळाकडे गेले.

तिथे मी चुकले. गरम इन्क्युबेटरमध्ये असलेल्या बाळाचे तळवे थंडीनं गार पडत नाहीत. बाहेरून ऊब पुरेशी मिळत असताना पाय गार असतील, तर शरीर हातापायांचं रक्त काढून मेंदू आणि हृदयाकडे वळवतं आहे. तेच चिन्ह, पण पहिल्या रात्री त्याचं कारण बाहेरच्या थंडीत होतं आणि आता बाळाच्या आत. मी मोज्यांनी ते झाकलं.

दहाच्या सुमारास आई दूध द्यायला आली. जाताना दारात थांबून म्हणाली, "सिस्टर, आज हा बोट धरत नव्हता. रोज किती घट्ट धरतो." आई अशी काही बोलली की मी आता तिथेच हातातलं काम सोडते. त्या रात्री मी "झोपेत असेल" म्हणाले.

अकराला मॉनिटर वाजला. श्वास थांबलेला, ठोके ८८. तळव्याला चोळलं, मान सरळ केली, २५ सेकंदांनी श्वास आला. २० सेकंदांहून जास्त थांबला, किंवा कमी वेळ पण ठोके वा रंग उतरला, तर तो ॲप्निया. आठवडाभर एकही झाला नव्हता. चोळण्यासाठी मोजा ओढून काढला होता, आणि पाय हातात आला तो बर्फासारखा.

तेव्हा मी सगळं पहिल्यापासून बघितलं. ठोके १६८, सकाळी चार्टवर १५० होते. (कॅफिननंही ठोके वाढतात, पण डोस तोच आणि वेळही तीच, मग आजच का?) छातीच्या हाडावर बोटानं ५ सेकंद दाबून सोडलं, रंग परत यायला ४ सेकंद, तीनच्या आत यायला हवा. पोटावर प्रोबनं ३६.७, तळव्यावर ३३.८, जवळजवळ तीन अंशांचा फरक. दोनच्या वर गेला की काळजी. कातडीवर जाळीसारखे डाग, ओठांभोवती राखट छटा. पोटाचा घेर बेंबीपाशी २४ होता, तो २५.५. नळीतून ओढल्यावर ६ मिली पिवळट दूध, हिरवं नाही. सहा तासांतल्या लंगोटांचं वजन ५ ग्रॅम, म्हणजे तासाला किलोमागे अर्धा मिली लघवी. निदान एक तरी हवी. साखर १८२, कसलंही ड्रिप चालू नसताना.

आणि एक आकडा असा होता, जो रोज समोर असूनही मी कधी लिहिला नव्हता: इन्क्युबेटरच्या हवेचं तापमान. संध्याकाळी ३२.८, आता ३४.६. बाळाचं तापमान ३६.६ राहावं म्हणून यंत्र जास्त जास्त तापत होतं. बाळाचं तापमान नेमकं कशाच्या जोरावर टिकून आहे, हे बघितलंच नाही तर ३६.६ या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

ड्यूटी डॉक्टरांना फोन केला. पहिलं वाक्य तोंडून निघालं, "बाळ बरं वाटत नाहीये." पलीकडून, जरा लक्ष ठेवा, अर्ध्या तासानं सांगा. त्यांच्याकडे प्रसूतिगृहात एक बाळ होतं, त्यांना दोष देत नाही. मी फोन ठेवला, कागदावर आकडे लिहिले आणि पुन्हा लावला: "नववा दिवस, ३२ आठवडे, १४८० ग्रॅम. पहिला ॲप्निया, ठोके ८८ पर्यंत. आता ठोके १६८, केशिका भरायला ४ सेकंद, पोट-तळव्यात तीन अंशांचा फरक, पोट दीड सेंटिमीटर वाढलंय, लघवी अर्धा मिली. मला सेप्सिस, रक्तात जंतुसंसर्ग, वाटतोय. दूध थांबवते आहे. तुम्ही आत्ता या." सहा मिनिटांत आले.

पुढचं सगळं घड्याळाकडे बघत केलं. ११.२० ला शीर धरली. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, १ मिली रक्त, कातडी पुसून, औषध वाळू देऊन. या वजनाच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून सव्वाशे मिलीच्या आसपास रक्त असतं, चहाच्या कपाएवढं, त्यामुळे १ मिलीसुद्धा मोजूनच घ्यावं लागतं. पण कमी घेतलं तर जंतू सापडतच नाही, म्हणून तिथे काटकसर करायची नाही. सलाइन किलोला १० मिली, अर्ध्या तासात. पोटातली नळी उघडी ठेवली. ११.५० ला अँटिबायोटिकचा पहिला डोस गेला. डॉक्टरांनी सांगितल्यापासून बाळाच्या शिरेत जाईपर्यंत तासाहून जास्त लागता कामा नये, आणि हा तास बहुतेक वेळा सिस्टरच्याच हातात असतो: औषध स्टोअरमध्ये आहे का, सुई मिळते का, पातळ कसं करायचं हे माहीत आहे का.

पहिला सीआरपी, म्हणजे जंतुसंसर्गात वाढणारा रक्तातला आकडा, नॉर्मल आला. हे सांगते कारण त्यावरून निवांत होणारे मी पाहिले आहेत. सीआरपी वाढायला बारा-चोवीस तास जातात. या बाळाचा दुसऱ्या दिवशी वाढला, प्लेटलेट उतरले. एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत हवा नव्हती, पाठीचं पाणी स्वच्छ होतं. कल्चरमध्ये क्लेबसिएला उगवला. आपल्याकडच्या नवजात विभागांत हा नेहमीचा जंतू आहे, आणि तो बऱ्याचदा हातांवरून बाळापर्यंत पोचतो.

कुणाच्या हातांवरून, हे कळण्याचा मार्ग नसतो. मी माझेच हात आठवून बघितले. इन्क्युबेटरची खिडकी उघडायला धरलेली कडी, खिशातलं पेन, आणि फोन. सॅनिटायझर लावून मग फोन उचलला आणि त्याच हातानं बाळाची नळी धरली, असं एका पाळीत किती वेळा झालं असेल, मला खरंच सांगता येणार नाही. आता फोन लॉकरमध्ये असतो, पेन प्रत्येक बाळाचं वेगळं, कडी दर पाळीला पुसली जाते. चार्टवर दोन रकाने वाढले: 'तळवे' आणि 'हवेचं तापमान'. मोजे घालायचेच असतील तर घालण्याआधी पायांचं तापमान लिहायचं, आणि दर दोन तासांनी काढून बघायचे.

बाहेर

दूध तीन दिवसांनी पुन्हा सुरू झालं, अँटिबायोटिक १४ दिवस चाललं. बारा दिवसांचं असताना त्यानं आईचं बोट धरलं, आणि तिनं मला हाक मारून दाखवलं. तिला मी त्या रात्रीबद्दल सांगितलं, की तुम्ही म्हणालात ते मी तेव्हाच ऐकायला हवं होतं. ती काही बोलली नाही, फक्त मान हलवली.

डोळ्यांची पहिली तपासणी चार आठवड्यांनी झाली. ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा २ किलोखालच्या सगळ्या बाळांची करायची असते. पडदा ठीक होता, पुढची तारीख दिली. ऐकण्याची चाचणी झाली. ३८ व्या दिवशी १९१० ग्रॅमवर घरी सोडलं. फेब्रुवारी संपत आला होता, पण सकाळी अजून गारवा होता.

न्यायला आजीही आल्या होत्या. घरी काय बघायचं ते मी दाखवायला घेतलं, हाताची मागची बाजू कशी लावायची ते. आजींनी हात धुतले, पुसले, जरा चोळून गरम केले. टोपडं सारखं केलं. आधी पोटावर हात ठेवला, मग दुपट्यातून एक पाय बाहेर काढला, मग दुसरा.

"पोट गरम," त्या म्हणाल्या. "पायही गरम."

मी डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं: तापमान ३६.८, तळवे गरम.